निसटलेला तिसरा स्ट्राइक

क्रिकेट बघत मोठा झालेला माणूस सॉफ्टबॉल किंवा बेसबॉलच्या मैदानाशेजारी पहिल्यांदा उभा राहिला, तरी अर्धाअधिक खेळ त्याला अंदाजाने कळतो. चेंडू टाकणारा आहे, मारणारा आहे, धावणं आहे, झेल आहे. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. फलंदाज बॅट फिरवतो, चेंडू लागत नाही, पंचाचा उजवा हात वर जातो. तिसरा स्ट्राइक. म्हणजे गडी बाद. पण हा ‘बाद’ गडी माघारी जायचं सोडून जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे पळत सुटतो, कॅचर मागे गेलेल्या चेंडूवर झडप घालतो आणि दोन्ही बाजूंची पोरं एकदम ओरडू लागतात. सामना वाशीमला असेल तर त्या ओरड्यात ‘पळ’चं ‘पय’ झालेलं असतं, एवढंच.

बाद झालेला माणूस पळतो कसा, हा बघणाऱ्याचा प्रश्न. त्याचं उत्तर असं, की तो अजून बाद झालेलाच नाही. पंचाने हात वर करून ‘तिसरा स्ट्राइक’ एवढंच सांगितलं आहे. चेंडू झेलला गेला की नाही, ही वेगळी बातमी आहे आणि ती वेगळी कळवावी लागते. या दोन बातम्यांची गल्लत झाली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या लाखो प्रेक्षकांनी पाहिलं आहे आणि आपल्याकडच्या शालेय सामन्यांतही ते घडू शकतं. या प्रकरणात त्या दुसऱ्या बातमीचा विचार करू.

नियम काय सांगतो

तीन स्ट्राइक झाले की पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट जमा होतो. फलंदाज बाद होण्यासाठी मात्र आणखी एक अट आहे. तो तिसरा चेंडू कॅचरने जमिनीला लागू न देता पकडलेला असला पाहिजे. ग्लोव्हमधून चेंडू निसटला, किंवा ग्लोव्हमध्ये शिरण्याआधी त्याने बारीकसा का होईना टप्पा घेतला, तर झेल धरला जात नाही. मग फलंदाज धावक होतो. त्याला बाद करायचं तर चेंडू हातात घेऊन त्याला शिवायला हवं, नाहीतर तो पोहोचायच्या आत चेंडू पहिल्या बेसवर पोहोचवायला हवा.

ही सवलत नेहमी मिळत नाही. पहिला बेस मोकळा असेल तर फलंदाज पळू शकतो. पहिल्या बेसवर धावक असेल, पण डावातले दोन गडी आधीच बाद झाले असतील, तरीही पळू शकतो. पहिला बेस भरलेला आहे आणि बाद झालेले गडी शून्य किंवा एक आहेत, तर मात्र चेंडू निसटला तरी फलंदाज बाद.

या शेवटच्या अटीमागे कॅचरची लबाडी आहे. समजा पहिल्या बेसवर धावक आहे आणि कोणीच बाद नाही. फलंदाजाला पळण्याची मुभा दिली, तर पहिल्या बेसवरच्या धावकाला जागा रिकामी करून दुसऱ्या बेसकडे पळावंच लागेल. मग हुशार कॅचर तिसरा चेंडू मुद्दाम सोडेल, उचलून दुसऱ्या बेसवर फेकेल, तिथून तो पहिल्या बेसवर जाईल आणि एका गड्याच्या जागी दोन गडी मिळतील. चुकीचं बक्षीस मिळू नये म्हणून ही वाट बंद केली. दोन गडी बाद असताना एकच गडी हवा असतो, त्यामुळे लबाडीला कारण उरत नाही आणि अटही उठते.

यातून काही गमतीदार गोष्टी निघतात. तीनही बेस भरलेले आहेत, दोन गडी बाद आहेत आणि तिसरा स्ट्राइक निसटला, तर कॅचरने कोणावरही चेंडू फेकायची गरज नाही. चेंडू उचलून होम प्लेटवर पाय ठेवला की डाव संपला, कारण तिसऱ्या बेसवरच्या धावकाला घराकडे येणं भाग असतं. दुसरी गंमत आकड्यांची आहे. स्ट्राइकआउट होऊनही फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचू शकतो, म्हणून एका डावात तीन गडी बाद होत असले तरी पिचरच्या नावावर चार स्ट्राइकआउट लागू शकतात. असे डाव मेजर लीगच्या नोंदींत अनेक आहेत.

नियमाचं वय

हा नियम नंतर चिकटवलेली पळवाट वाटतो, पण तो खेळाच्या मुळाशी आहे. जर्मन शिक्षक योहान गुट्समुट्स यांनी १७९६ मध्ये मुलांच्या खेळांवर लिहिलेल्या पुस्तकात ‘इंग्रजी बेसबॉल’चं वर्णन आहे. त्या खेळात मारणाऱ्याला तीन संधी मिळत आणि तिसऱ्या खेपेला चेंडू लागो वा न लागो, त्याला पळावंच लागे. स्ट्राइकआउट अशी वस्तूच नव्हती. तिसऱ्या वेळी खेळ सुरू व्हायचा, संपायचा नाही.

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये आपले नियम लिहून काढले तेव्हाही हीच कल्पना होती. तीन वेळा बॅट फिरवून चेंडू हुकला आणि तिसरा झेलला गेला तर गडी बाद, झेलला गेला नाही तर तो मारल्यासारखाच धरायचा आणि फलंदाजाने पळायचं. न फिरवलेल्या बॅटवरही पंचाने स्ट्राइक द्यायचा, ही सुधारणा १८५८ मधली.

पुढे कॅचर फलंदाजाच्या लगेच मागे बसू लागला, ग्लोव्ह आणि मुखवटे आले, तिसरा चेंडू झेलला जाणं नेहमीचं झालं आणि ‘तिसरा स्ट्राइक म्हणजे बाद’ असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. आजचा गोंधळ इथून येतो. नियम मानतो की तिसऱ्या स्ट्राइकला चेंडू चालू झाला. खेळाडूची सवय मानते की खेळ थांबला. दोघांच्या मध्ये पंच उभा असतो.

एक हात, दोन बातम्या

पंचाची खूणभाषा थोडक्यात अशी. स्ट्राइकला उजवा हात. बादला आवळलेली मूठ. सुखरूप असेल तर दोन्ही हात छातीसमोरून बाजूला पसरायचे, तळवे खाली. खेळ थांबवायचा असेल तर दोन्ही हात वर. सुरुवातीच्या काळात पंच हे सगळं तोंडानेच सांगत. हाताच्या खुणा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळल्या. विल्यम हॉय हा कर्णबधिर खेळाडू १८८८ ते १९०२ या काळात मेजर लीगमध्ये खेळला. त्याच्यासाठीच पंचांनी खुणा सुरू केल्या, ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण इतिहासकारांत तिच्याबद्दल एकमत नाही. गर्दी वाढली, आवाज पोहोचेनासा झाला आणि हात कामाला आला, हे कारण सगळ्यांना पटण्यासारखं आहे.

अडचण अशी, की तिसऱ्या स्ट्राइकची आणि बादची खूण बहुतेक पंचांच्या बाबतीत सारखीच दिसते. तिसऱ्या स्ट्राइकला हात झोकात फिरवून मूठ आवळायची, ही पंचांची लाडकी लकब आहे. प्रेक्षकांनाही ती आवडते. चेंडू स्वच्छ झेलला गेला असेल तर काहीच बिघडत नाही, कारण दोन्ही बातम्या एकाच दिशेच्या असतात. चेंडू निसटला की त्या फाटतात. एक बातमी म्हणते स्ट्राइक झाला, दुसरी म्हणते बाद नाही. एका मुठीत दोन्ही मावत नाहीत.

म्हणून पंचांच्या प्रशिक्षणात क्रम शिकवला जातो. आधी नेहमीसारखी स्ट्राइकची खूण. मग चेंडू झेलला गेला नसेल तर लगेच दोन्ही हात पसरून ‘नो कॅच’ असा मोठ्याने पुकारा. झेल शंकास्पद पण पूर्ण असेल तर ‘कॅच’ म्हणून स्पष्ट बादची खूण. पहिला बेस भरलेला आणि दोनपेक्षा कमी गडी बाद असतील, तर चेंडू निसटल्याबरोबर ‘बॅटर इज आउट’ असं ओरडून सांगायचं, म्हणजे बेसवरचे धावक उगाच घाबरून पळत नाहीत आणि कॅचर उगाच फेकाफेक करत नाही.

आवाज आणि हात एकत्र हवेत, ही गोष्ट मराठी खेळाडूला परकी नाही. खो-खोमध्ये पाठीला हात लावून त्याच क्षणी मोठ्याने ‘खो’ म्हणावं लागतं. नुसता स्पर्श चालत नाही, नुसता आवाजही चालत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम पंचाला ऐकू आला पाहिजे. आपल्या मातीतल्या खेळांनी कळवण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकली आहे, बेसबॉलने ती पंचावर टाकली आहे.

‘नो कॅच’ म्हणणं म्हणजे फलंदाजाला ‘पळ’ असं सुचवणं नव्हे का, अशी शंका येते. फरक बारीक पण पक्का आहे. ‘पळ’ हा सल्ला आहे आणि तो एकाच बाजूला मिळतो. ‘नो कॅच’ ही घडलेली गोष्ट आहे आणि ती फलंदाजाला, कॅचरला, धावकांना एकाच क्षणी कळते. पळायचं की नाही हे फलंदाजाने ठरवायचं, शिवायचं की फेकायचं हे कॅचरने ठरवायचं.

दोन ऑक्टोबर

या नियमाने घडवलेल्या दोन प्रसिद्ध घटना शेजारी ठेवल्या, तर खुणेचं मोल स्पष्ट होतं.

पहिली ५ ऑक्टोबर १९४१ ची. वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड. ब्रुकलिन डॉजर्स ४-३ ने पुढे, नववा डाव, न्यूयॉर्क यांकीजचे दोन गडी बाद, बेस रिकामे. ह्यू केसीच्या चेंडूवर टॉमी हेन्रिकने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला. पंच लॅरी गोएट्झ यांनी स्ट्राइक दिला. सामना संपला असं वाटत असतानाच चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या ग्लोव्हवरून मागे पळाला होता. हेन्रिक पहिल्या बेसवर पोहोचला. त्यानंतर डिमॅजिओ, केलर आणि इतरांनी मिळून चार धावा काढल्या आणि यांकीज ७-४ ने जिंकले. मालिका २-२ अशी व्हायची ती ३-१ झाली आणि दुसऱ्या दिवशी संपली. इथे खुणेबद्दल वाद नव्हता. चेंडू निसटलेला सगळ्यांना दिसत होता.

दुसरी १२ ऑक्टोबर २००५ ची. शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध लॉस एंजेलिस एंजल्स, अमेरिकन लीगच्या अजिंक्यपदाचा दुसरा सामना. धावसंख्या १-१, नवव्या डावाचा उत्तरार्ध, दोन गडी बाद, बेस रिकामे. केल्विम एस्कोबारच्या खाली घसरलेल्या चेंडूवर ए. जे. पियर्झिन्स्कीने बॅट फिरवली. चेंडू कॅचर जॉश पॉलच्या ग्लोव्हमध्ये अगदी जमिनीलगत शिरला. पंच डग एडिंग्ज यांनी उजवा हात बाजूला नेला आणि मग मूठ आवळली. ‘बाद’ किंवा ‘नो कॅच’ असा ठळक पुकारा कोणाला ऐकू आला नाही. पॉलला डाव संपल्यासारखा वाटला. त्याने चेंडू पिचरच्या उंचवट्याकडे सोडून दिला आणि तो निघाला. पियर्झिन्स्कीही माघारी वळला होता, पण एक-दोन पावलांनंतर तो पहिल्या बेसकडे पळत सुटला. त्याला अडवायला कोणीच उरलं नव्हतं.

त्याच्या जागी धावायला आलेल्या पाब्लो ओझुनाने दुसरा बेस चोरला, जो क्रीडीने चेंडू डावीकडे टोलवला आणि व्हाइट सॉक्स २-१ ने जिंकले. एंजल्सचे व्यवस्थापक माइक सोशिया स्वतः एके काळचे नावाजलेले कॅचर. त्यांनी वाद घातला, पण व्हिडिओवर निर्णय तपासण्याची सोय मेजर लीगमध्ये तेव्हा नव्हती. ती २००८ मध्ये होमरनपुरती आली आणि २०१४ मध्ये विस्तारली. एडिंग्ज यांचं म्हणणं होतं, की मूठ ही त्यांची तिसऱ्या स्ट्राइकची खूण होती, बादची नव्हती. पहिला सामना हरलेल्या व्हाइट सॉक्सने त्यानंतर ओळीने चार सामने जिंकून मालिका घेतली आणि मग वर्ल्ड सिरीजही, १९१७ नंतर पहिल्यांदा.

चेंडूने खरोखर टप्पा घेतला होता का, यावर अजून वाद होतो. त्याचा निकाल लागला तरी मूळ दोष तसाच राहतो. १९४१ मध्ये झेल चुकला, २००५ मध्ये खूण चुकली. पंचाचा निर्णय बरोबर की चूक, यापेक्षा तो निर्णय काय आहे हेच कॅचरला कळलं नाही. न कळलेला निर्णय बरोबर असूनही अन्याय करू शकतो.

क्रिकेटचा पंच थांबवतो

आपल्या प्रेक्षकाला हे सगळं खटकतं त्याचं कारण क्रिकेटच्या संस्कारात आहे. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकांनी दाद मागितल्याशिवाय पंच बाद देत नाही. शिवाय कायदा ३१ मध्ये एक सोय आहे. फलंदाजाला बाद दिलेलं नाही, पण तो बाद झाल्याच्या गैरसमजाने चालू लागला, असं पंचाच्या लक्षात आलं, तर पंचाने मध्ये पडून चेंडू ‘डेड’ घोषित करायचा आणि त्याला परत बोलवायचं. गैरसमजाचा फायदा कोणालाही मिळू द्यायचा नाही, ही त्या खेळाची वृत्ती.

चेंडू डेड झाला या समजुतीने फलंदाज निघून जाण्याचं गाजलेलं उदाहरण २०११ मध्ये ट्रेंट ब्रिजला भारताविरुद्ध घडलं. चौकार गेला आणि चहापानाची वेळ झाली असं समजून इयान बेल १३७ धावांवर क्रीज सोडून निघाला. चेंडू सीमेला लागलेला नव्हता. बेल्स उडवल्या गेल्या आणि तो धावबाद ठरला. चहापानात महेंद्रसिंग धोनीने अपील मागे घेतलं, बेल परतला आणि १५९ वर बाद झाला. नियमाने दिलेला गडी कर्णधाराने सोडला.

बेसबॉलमध्ये अशी माघार नाही. निसटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकनंतर चेंडू चालू राहतो आणि जो आधी सावध होतो त्याला फळ मिळतं. गैरसमज दुरुस्त करायला पंच खेळ थांबवत नाही, म्हणूनच गैरसमज होऊ न देण्याचं ओझं त्याच्या आवाजावर आणि हातांवर जास्त पडतं.

वाशीमच्या मातीवर

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात बेसबॉलचं स्टेडियम शोधायला कोणी जाणार नाही. पण महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत. जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य असा जिंकणाऱ्या संघाचा प्रवास असतो. या विभागाला शारीरिक शिक्षणाची जुनी परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. वऱ्हाडातल्या शाळांतले कितीतरी क्रीडाशिक्षक तिथे शिकले आणि शालेय सामन्यांत शिट्टी, पाटी आणि पंचगिरी पुष्कळदा या शिक्षकांच्याच वाट्याला येते.

इथे अमेरिकन नियमपुस्तक थोडं अडखळतं. बेसबॉलमध्ये तिसरा स्ट्राइक निसटल्यावर फलंदाज पहिल्या बेसकडे न जाता होम प्लेटभोवतीच्या मातीच्या वर्तुळाबाहेर पडला, तर पंच त्याला बाद देतो. हे वर्तुळ २६ फूट व्यासाचं असतं. हिरवळीच्या मैदानात ते आपोआप दिसतं. काळ्या मातीच्या मैदानावर सगळीच माती, मग वर्तुळ कुठलं? ते फक्कीने आखून घ्यावं लागतं. सॉफ्टबॉलमध्ये फलंदाज आपल्या संघाच्या जागेत शिरला की त्याची पळण्याची संधी जाते. पण डगआउट म्हणजे मंडपाचं कापड किंवा कडुनिंबाची सावली असेल, तर ती जागा कुठे सुरू होते हेही सामन्याआधी दोन्ही संघांना दाखवून ठेवलेलं बरं. या दोन रेषा नसतील तर खुणा कितीही अचूक असल्या, वाद मिटत नाही.

अंतरही कमी पडतं. बेसबॉलमध्ये पहिला बेस ९० फुटांवर असतो, सॉफ्टबॉलमध्ये ६० फुटांवर. म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये कॅचरला चेंडू शोधून फेकायला मिळणारा वेळ बराच कमी. पंचाने ‘नो कॅच’ म्हणायला सेकंदभर उशीर केला, तर तो उशीर थेट निकालात उतरतो.

शिवाय मागच्या पंचाला कॅचरची पाठ दिसते. जमिनीलगत ग्लोव्हमध्ये गेलेला चेंडू टप्पा घेऊन गेला की सरळ, हे बेसवरच्या पंचाला बाजूने अधिक चांगलं दिसतं. दोनच पंच असतील तर त्यांनी सामन्याआधी आपसांत एक छोटी खूण ठरवून घ्यावी. झेल स्वच्छ असेल तर बेसवरच्या पंचाने पोटाजवळ मूठ धरायची, टप्पा असेल तर बोट जमिनीकडे करायचं. मागच्या पंचाने निर्णय पुकारण्याआधी एकदा तिकडे बघायचं. अर्धवट फिरवलेल्या बॅटबद्दल कॅचरने दाद मागितली तरी हीच सावधगिरी लागते. मागच्या पंचाने ‘बॉल’ दिलेला असतो आणि बेसवरचा पंच तो बदलून स्ट्राइक करू शकतो. तो तिसरा स्ट्राइक ठरला आणि चेंडू जमिनीवर असला, तर फलंदाज अचानक धावक होतो.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉललाही मंजुरी मिळाली. त्या सामन्यांत हा प्रसंग दिसला तर तो समजायला तीन गोष्टी पुरतात: किती गडी बाद आहेत, पहिला बेस मोकळा आहे का, आणि चेंडू हवेत पकडला गेला का. पहिल्या दोन प्रेक्षकालाही मोजता येतात. तिसरी पंचानेच सांगायची असते. म्हणून नव्या पंचाने आरशासमोर सराव करायचा तो झोकदार मुठीचा नाही, तिच्यानंतरच्या पसरलेल्या हातांचा आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचेल अशा दोन शब्दांचा.